अकरा नंबरचा खटका

आमच्या टेस्टरशी तुमची कधी गाठ पडली असेल, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याने तुमची एखादी चूक काढली असणार. पंखा चुकीच्या जागी लावलाय, प्लगला अर्थिंग नाही, दिवा नको तिथे आहे. तो वायरमन. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा टेस्टर ठेवतो. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. म्हणून ते नाव पडलं. एका लग्नात वधूवर फोटोला उभे होते आणि हा मागे जाऊन हॉलवाल्याशी कचाकचा भांडत होता, की वायरचा जोड उघडा ठेवलाय, कुणाचा तरी जीव जाईल. अशा माणसाच्या घरात, त्याने स्वतः केलेल्या जोडणीने एक माणूस मेला. टेस्टर माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, पण म्हणून त्याच्याबद्दल गोड बोलायची माझी मुळीच तयारी नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. लोकांची भांडणं जोडून द्यायची आणि आपण गप्प बसायचं, ही माझी नोकरी. ती संपल्यापासून मी कुणाचं ऐकून घेत नाही, टेस्टरचं तर नाहीच.

आमची दोघांची घरं एकमेकांना चिकटलेली आहेत, मधली भिंत एकच. वडिलांचं एक घर होतं, त्याचे दोन तुकडे आम्ही भांडून केले. पाण्याचा व्हॉल्व्ह त्याच्या वाटणीला गेला, मागच्या धुण्याच्या जागेत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. पाणी येतं दुपारी बाराला. त्या वेळी तो कुठल्या तरी कारखान्यात असतो आणि माझी भावजय शिशुवर्गात पोरांची नाकं पुसत असते. दहा ते तीन घराला कुलूप. त्यामुळे त्याच्या घराची एक किल्ली माझ्याकडे. रोज बाराला जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, दोन्ही घरांचे ड्रम भरायचे आणि परत यायचं. आभार मानायची पद्धत त्या घरात नाही.

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी त्याच्याकडे चोरी झाली. मागची कंपाउंडची भिंत ओलांडून, खिडकीचा गज वाकवून चोर आत आले. भावजयीच्या दोन बांगड्या गेल्या, एक घड्याळ गेलं आणि टेस्टरची हत्यारांची पिशवी गेली. जाताना त्यांनी फ्रिजमधलं दूध प्यायलं आणि पेला धुवायच्या भांड्यांत ठेवून गेले. बांगड्यांचं त्याला वाईट वाटलं. हत्यारांसाठी तो दोन दिवस जेवला नाही. पण तो खरा पेटला पेल्यावरून.

"माझ्या घरात उभं राहून दूध प्यायले, ताई! आरामात!"

"मग काय उपाशी जायला हवं होतं?"

तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. पोलीस आले, त्यांनी लिहून घेतलं, गेले. पिशवी मिळाली नाही.

मग एका रविवारी तो दिवसभर मागच्या बाजूला खुडबुड करत बसला. संध्याकाळी मला बोलावलं आणि नवा मिक्सर दाखवावा तसा बोर्ड दाखवला.

"उद्यापासून बाराला आलीस की आधी अकरा नंबर बंद करायचा. मगच मागचं दार उघडायचं. जाताना आठवणीने चालू करून जायचं."

"अकरा नंबर म्हणजे काय?"

"खिडकीचे गज."

"गजांना वीज सोडलीस तू?"

"नुसता झटका बसेल. हात लावील आणि बोंबलत पळेल."

"आणि मी विसरले तर?"

"तू विसरशील? माझे पहिलीतले मार्कसुद्धा तू अजून विसरली नाहीस."

मी त्याला मूर्ख म्हणाले, अक्कल गहाण टाकलीस का म्हणाले, आणखीही पुष्कळ काही म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी बाराला जाऊन अकरा नंबर बंद केला, पाणी भरलं आणि परत चालू करून आले. तिसऱ्या दिवशीही. महिनाभरात ते अंगवळणी पडलं. दुधावर झाकण ठेवावं तसा मी तो खटका दाबायची.

त्या बोर्डाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आलं. टेस्टर खटक्याला चिठ्ठी लावल्याशिवाय उठत नाही. त्याच्या तरुणपणी कारखान्यात एक सोबती पॅनेलमध्ये हात घालून काम करत होता. दुसऱ्या कुणीतरी कसला म्हणून न बघता एक खटका वर केला. त्यावर नाव नव्हतं. सोबत्याला उचलणाऱ्यांत टेस्टर होता. तेव्हापासून हा माणूस जिथे काम करील तिथे प्रत्येक खटक्याखाली शाईने नीट अक्षरात लिहितो आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवतो. त्याच्या घरच्या बोर्डावर एक ते दहा होतं हॉल, पंखा, ओटा, गीझर असं. त्याखाली, तशाच सुंदर अक्षरात, '११. चोर'.

मी हसले होते. "त्याला बोलावणं धाडलंयस का?"

भावजय म्हणाली, "अहो, ते तेवढं काढून टाका. कुणी बघितलं तर?"

"नाव नसलेला खटका म्हणजे सापळा," तो म्हणाला. "तसलं काम मी करत नाही."

तो चोर आला त्या दिवशी मंगळवार होता. माझे गुडघे ठणकत होते. व्हॉल्व्ह फिरवला आणि त्याच्या खुर्चीत जरा टेकले, त्याचाच पेपर वाचत बसले. ड्रम भरून वाहायला लागला तेव्हा आवाज आला. धुण्याची जागा सगळी ओली झाली होती, खिडकीखाली घोटाभर पाणी साचलं होतं. पुसून घ्यायचा मला कंटाळा आला. भाऊ एवढा शहाणा आहे तर त्याने मोरीचा उतार नीट काढायचा होता, असं मनात म्हणाले. मागचं दार लावलं, अकरा नंबर चालू केला आणि घरी येऊन जेवले.

दीडच्या सुमाराला भिंतीपलीकडे बादली पडल्याचा आवाज आला. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली.

तीन वाजता भावजय आली आणि तिने जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. मी धावले. सगळ्यात आधी अकरा नंबर बंद केला. मग मागे गेले. तिशीचा माणूस होता, सडपातळ. अंगावर रंगाचे डाग पडलेली पँट. पायांत काही नव्हतं, चपला त्याने भिंतीपाशी जोडीने काढून ठेवल्या होत्या, देवळात जातो तशा. पिशवीत पितळी नळ होते, आमच्याच गल्लीतल्या दोन घरांचे. म्हणजे चोर होता, यात शंका नको. मी त्याच्या मानेला बोटं लावून बघितली. गार होती.

टेस्टर येईपर्यंत पोलीस आले होते. भावजयीने रडत रडत इन्स्पेक्टरला सांगायला सुरुवात केली होती, की वायरिंग जुनी आहे, कुठे तरी गळती झाली असेल. इन्स्पेक्टर बोर्डापुढे उभा राहून पहिलीतल्या पोरासारखं एकेक वाचत होता. "गीझर. पंप. अकरा, चोर." तो वळला आणि भावजयीकडे नुसता बघत राहिला. तिने पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात टेस्टर आत आला. खिडकीकडे बघितलं, फरशीवरच्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंड उघडलं होतं. कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "सकाळी निघताना मी चालू केला. माझं घर आहे. नंतर इथे कुणी आलेलं नाही."

मी तोंड मिटलं. हे मी सरळच सांगते, कारण टेस्टरला नावं ठेवायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत, आणि त्या दिवशी मात्र एकही सुचला नाही. त्याला घेऊन गेले. मी दारात उभी होते.

तीन आठवड्यांनी तो जामिनावर सुटला आणि गल्ली नुसती उधाणली. जन्मात ज्यांनी त्याला चहा विचारला नव्हता ते येऊन पाठ थोपटायला लागले. "वाघ आहेस, वाघ!" कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला. ज्यांचे नळ गेले होते त्या बाईंनी बिस्किटांचा पुडा आणला. तिघांनी तर हळूच विचारलं, आमच्याकडेही बसवून देता का? आणि हा फुशारून सांगत सुटला, माझं घर, माझी वीज, माझ्या खिडकीला हात लावायला त्याला कुणी सांगितलं होतं? मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, त्यात पहिली त्याच्या.

वकीलबाई मात्र पाठ थोपटणाऱ्यांतल्या नव्हत्या. छोटंसं ऑफिस, टेबलावर कागदांचा ढीग आणि जिभेला धार. मी आणि भावजय दोघी बरोबर गेलो होतो.

"तो माझ्या घरात शिरत होता. मी त्याच्या घरात गेलो नव्हतो," टेस्टरने सुरुवात केली.

"बरोबर. म्हणून तुम्ही त्याला अडवू शकत होता, ढकलू शकत होता, धरून बांधून ठेवू शकत होता. तो सुरा घेऊन अंगावर आला असता, आता हा आपला जीव घेतो असं तुम्हाला खरंच वाटलं असतं आणि तुमच्या हातून तो मेला असता, तर मी कोर्टात छाती ठोकून उभी राहिले असते. पण त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"बिस्किटांच्या कारखान्यात. पॅनेलचं काम चालू होतं."

"बायको?"

"शाळेत."

"मग तो कुणाच्या जिवावर उठला होता? फ्रिजच्या?"

टेस्टर लाल झाला. "म्हणजे चोराने लुटायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या? कायदा काय चोरांचे लाड करायला आहे?"

"आवाज खाली. कायदा जिवाच्या बदल्यात जीव घेऊ देतो, तोही दुसरा काही मार्ग उरला नसेल तरच. नळाच्या बदल्यात देत नाही. आणि राखणीला माणूस असला तर तो थांबतो. चोराने हात वर केले, पळायला लागला, खाली पडला, की आपण थांबायचं. तिथे परवानगी संपते. तुमची तार थांबणार होती का? उद्या घराला आग लागली आणि बंबवाला मागून आला असता तर तिने त्याला ओळखलं असतं?"

"नुसता झटका बसणार होता."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही वायरमन आहात. अनवाणी माणूस, ओली फरशी. काय होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं? हे सरकारी वकील तुमच्याच तोंडून वदवून घेतील. दुसऱ्या कुणाला मी अडाणी म्हणून सोडवलं असतं, तुम्हाला कसं म्हणू?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा टेस्टरने दुसऱ्याची चूक शोधायची सोडून स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मला आनंद व्हायला हवा होता.

"फरशी ओली कशी होती?" त्यांनी विचारलं.

"ड्रम भरताना सांडतं."

"कोण भरतं?"

"बायको. सकाळी."

"पाणी बाराला येतं ना तुमच्याकडे? सरकारी वकील हे विचारणारच. व्हॉल्व्ह त्या गजांखाली आहे. खटका सकाळपासून चालू होता, तर पाणी भरणारी व्यक्ती वाचली कशी?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. भावजय पदराच्या टोकाशी चाळा करत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. "कुणी सांगितलं होतं तुला खोटं बोलायला?"

"तू गप्प बस. जन्मभर बोललीस, आता गप्प बस."

"खटका मी दाबला. पाणी मी सांडलं."

"जोडणी मी केली. मी सांगितलं तेवढं तू केलंस."

"मी काय तुझ्या बायकोच्या वर्गात आहे, सांगितलं तेवढं करायला? मला कळत नव्हतं का?"

"अगं, दोघांनी आत जाऊन काय पत्ते खेळायचेत?" तो ओरडला, आणि मग एकदम आवाज बसल्यासारखा म्हणाला, "तुझे गुडघे बघ आधी. तिथे जमिनीवर झोपायला लागतं."

मी त्याला गाढव म्हणाले. घरी येईपर्यंत मी त्याच्या चार पावलं पुढे चालले. माझ्या गुडघ्यांची चौकशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा केली होती आणि त्याचा मला भयंकर संताप आला होता. माझ्या हाताने झालेलं हा आपल्या नावावर घेऊन वर्षानुवर्षं तुरुंगात बसणार, आणि मी रोज बाराला त्याच्या घरात पाणी भरणार. आणि खरं सांगायचं तर ते मला चाललं. तेव्हा तरी चाललं. सहा महिने चाललं.

कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हा एका सकाळी एक बाई गल्लीत आली. माझ्याच वयाची असेल. हातात कापडी पिशवी. घराघरांकडे बघत चालली होती. ती कोण हे लगेच कळलं, कारण इस्त्रीवाला ओरडला, "चोराची आई बघा! आता काय न्यायचं राहिलंय?" कुणीतरी हसलं. ती माझ्या दारापाशी थांबली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

"इथेच का हो?"

"शेजारी," मी म्हणाले. आणि मग, ते सगळे ऐकत होते म्हणून की आणखी कशाने कोण जाणे, मी म्हणाले, "मुलाला वेळीच आवरलं असतं तर ही वेळ आली नसती."

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"चोर होता तो," ती म्हणाली. "रंगकाम सुटलं तसा बिघडला. मी स्वतः दोनदा पोलिसांच्या हवाली केला त्याला. दोन्ही वेळेला जिवंत घरी आला."

मग तिने विचारलं, मागची बाजू बघता येईल का? मी म्हणाले, किल्ली माझ्याकडे नाही. किल्ली माझ्या कमरेला होती. ती मान हलवून निघून गेली आणि मी दार लावून घेतलं. त्या दिवशी बाराला मी पाणी भरायला गेले नाही. दोन्ही घरांचे ड्रम कोरडे राहिले आणि संध्याकाळी टेस्टर भिंतीपलीकडून बोंबलत होता.

कोर्टात मला सरकारी वकिलांनी साक्षीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी टेस्टरने दारात येऊन बजावलं, "गुडघे दुखत होते, त्या दिवशी गेले नाही, बास. दोन वाक्यं आहेत. तेवढी तरी जमतील ना तुला?"

"तू मला बोलायला शिकवू नकोस," मी म्हणाले.

कोर्टाची खोली माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती. पंखा कर्रकर्र आवाज करत होता आणि आरोपीच्या बाकावर बसलेल्या टेस्टरची नजर त्यावरच होती. शेवटच्या रांगेत ती बाई होती, मांडीवर तीच कापडी पिशवी. तिने मला ओळखलं.

सरकारी वकील तरुण होता, घाईत होता. "घटनेच्या दिवशी दुपारी बारा वाजता तुम्ही आरोपीच्या घरी गेला होता का?"

"गेले होते."

टेस्टर उभा राहिला. "ताई!"

न्यायाधीशांनी त्याला खाली बसायला सांगितलं. तो बसला नाही. "साहेब, तिला वयामुळे आठवत नाही. ती त्या दिवशी आलीच नव्हती."

"याचे पहिलीतले मार्कसुद्धा मला आठवतात," मी म्हणाले. "हवे असतील तर सांगते." कुणीतरी हसलं. मला हसू आलं नव्हतं. "अकरा नंबर मी बंद केला. पाणी भरलं. माझ्या निष्काळजीपणाने पाणी सांडलं, खिडकीखाली साचलं. मग जाताना अकरा नंबर मी चालू केला."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. "बाई, स्वतःवर गुन्हा ओढवेल असं काही बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. वकील घेऊन मग बोलू शकता. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"तरी सांगायचंय?"

"हो."

सरकारी वकिलाची घाई आता संपली होती. "चालू करताना, त्या ओल्या जागेत उभं राहून कुणी गजाला हात लावला तर काय होईल, याची तुम्हाला कल्पना होती?"

वायरमनची बहीण मी. तो कामाला लागल्यापासून हेच ऐकत आले होते, ओल्या हाताने खटक्याला हात लावू नकोस, ओल्या पायाने उभी राहू नकोस. जेवताना, भांडताना, लोकांच्या लग्नांतसुद्धा.

"होती," मी म्हणाले. "पण तेव्हा माझ्या मनात चोर होता. माणूस नव्हता."

शेवटच्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं गेलं. ती बाई माझ्याकडे बघत नव्हती. पिशवीचे बंद सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

न्यायाधीश कारकुनाशी काहीतरी बोलले, त्यांनी एका पोलिसाला बोलावलं आणि मला थांबवून घ्यायला सांगितलं. कुठे थांबायचं ते कुणीच सांगितलं नाही. साक्षीदारांच्या बाकावर जागा होती. मी त्या बाकापुढून चालत गेले, आरोपीच्या बाकापाशी. टेस्टर आता खाली बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. कान लाल झालेले. लहानपणी वडिलांनी मारलं की असाच बसायचा.

"सरक," मी म्हणाले.

तो सरकला.